सरकारी वकील नेमका कोणाचा?



१९९७ हे वर्ष मुंबईच्या उपनगरांना सहजासहजी विसरता येणार नाही. त्या वर्षी १६ जानेवारीला पवई येथे डॉ. दत्ता सामंत यांची भर दिवसा गोळ्या घालून हत्या झाली. घाटकोपरच्या पंतनगरात दवाखाना चालविताना दगडखाणींतील मजुरांचे हाल पाहून ते कामगार चळवळीत उतरले होते आणि १९८२ च्या संपात अडीच लाख गिरणी कामगार त्यांच्या शब्दावर बाहेर पडले होते. ११ जुलैला घाटकोपरच्याच माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. क्षुब्ध होऊन रस्त्यावर आलेल्या वस्तीवर राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला आणि दहा माणसे मारली गेली. १२ ऑगस्टला अंधेरीत देवदर्शन करून परतणारे कॅसेट-उद्योजक गुलशनकुमार यांना मारेकऱ्यांनी गाठले. सात महिन्यांच्या आत, काही मैलांच्या परिसरात घडलेल्या या तीन घटना. एकीत कामगारनेता बळी पडला, दुसरीत दलित वस्ती आणि तिसरीत धनिक व्यावसायिक. पहिल्या व तिसऱ्या घटनेत बंदूक गुंडांच्या हाती होती. दुसरीत ती शासनाच्या हाती होती.

अशा प्रसंगी जनता पोलीस आयुक्तांना जाब विचारते, गृहमंत्र्यांचा राजीनामा मागते, आणि ते योग्यच आहे. परंतु एक प्रश्न तेव्हाही कोणी विचारला नाही आणि आजही सहसा विचारला जात नाही. हे खटले पुढे न्यायालयात चालविणार कोण? त्याची नेमणूक कोण करतो, त्याच्याकडे किती खटले असतात, साक्षीदाराला तो प्रथम केव्हा भेटतो, आणि खटला बुडाला तर त्याचा हिशेब कोणाला देतो? पोलीस ठाण्याचा अंमलदार गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतो. सरकारी वकील कोणालाच ठाऊक नसतो. आणि तरीही, हिंसक गुन्हेगारी आटोक्यात येणार की नाही, याचा बराचसा निकाल त्याच्याच टेबलावर लागत असतो.

त्या तीन प्रकरणांचे पुढे काय झाले ते पाहावे. डॉ. सामंतांच्या हत्येत स्थानिक आरोपींवरील खटला २००० साली संपला. कटाचा सूत्रधार म्हणून ज्याच्यावर आरोप होता, त्या छोटा राजन याची जुलै २०२३ मध्ये विशेष न्यायालयाने पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता केली. घटनेला तेव्हा सव्वीस वर्षे उलटून गेली होती. गुलशनकुमार खटल्यात एकोणीस आरोपी उभे राहिले आणि २००२ साली त्यांपैकी अठरा सुटले. त्या अठरांपैकी एकाची सुटका उच्च न्यायालयाने २०२१ साली रद्द ठरविली. रमाबाई नगरातील गोळीबाराबद्दल त्या तुकडीच्या उपनिरीक्षकास सत्र न्यायालयाने २००९ साली, म्हणजे बारा वर्षांनी, सदोष मनुष्यवधासाठी जन्मठेप दिली. पुढे उच्च न्यायालयात त्याला जामीन मिळाला.

या निकालांसाठी न्यायाधीशांना दोष देण्याचे कारण नाही. पुरावा नसेल तर आरोपीला सोडणे हे न्यायालयाचे कर्तव्यच होय. प्रश्न निराळा आहे. घटना घडली त्या दिवशी रस्त्यावर माणसे होती, डोळे होते, काडतुसे होती, रक्त होते. वीस-पंचवीस वर्षांनी न्यायालयात यातले काय पोहोचते? माणसे मरतात, घर बदलतात, भितात, विसरतात. पुराव्याची ही झीज थांबविणे, तो ताजा असताना न्यायासनासमोर मांडणे, हे ज्याचे काम, त्याची आपल्या समाजाने काय व्यवस्था लावली आहे?

गुन्हा आणि शिक्षा यांचा संबंध केवळ नीतिशास्त्राचा नव्हे, अर्थशास्त्राचाही विषय आहे. १७६४ साली इटलीतील बेकारिया या विचारवंताने असे प्रतिपादन केले की गुन्ह्याला आळा बसतो तो शिक्षेच्या क्रौर्याने नव्हे, तर ती अटळ असल्याच्या जाणिवेने. त्यानंतर दोनशे वर्षांनी, १९६८ साली, गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने हाच विचार हिशेबाच्या भाषेत मांडला: गुन्हा करणारा एका पारड्यात लाभ ठेवतो, आणि दुसऱ्यात शिक्षेची तीव्रता व ती मिळण्याची शक्यता या दोहोंचा गुणाकार. बेकर हा काही समाजवाद्यांचा अर्थशास्त्रज्ञ नव्हे, आणि रागाच्या वा नशेच्या भरात चाकू काढणारा माणूस असा गुणाकार मांडत बसत नाही हेही खरे. परंतु हप्ता गोळा करणारा दादा तो नक्की मांडतो. झोपडी रिकामी करून घेण्यासाठी पोरे पाठविणारा कंत्राटदार तर तो मांडतोच मांडतो. कायद्यात फाशी लिहिलेली असो वा जन्मठेप. ती मिळण्याची शक्यता शून्याच्या जवळ असेल, तर गुणाकारही शून्याच्या जवळच राहतो.

आपल्या विधिमंडळांनी आजवर या गुणाकारातला पहिलाच आकडा वाढवीत नेला. १९९९ साली संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कडक कायदा, ‘मोक्का’, आला. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब त्याने पुरावा म्हणून ग्राह्य ठरविला व जामीन अवघड केला. कायदे कडक करायला पैसे लागत नाहीत; म्हणून ते सरकारांना आवडतात. दुसरा आकडा वाढवायचा तर न्यायालये, प्रयोगशाळा, वकील आणि साक्षीदारांचे संरक्षण यांवर खर्च करावा लागतो. तो आकडा तसाच दुर्लक्षित राहिला.

आणि तो दुर्लक्षित राहिला म्हणूनच दोन आडवाटा रूढ झाल्या. पहिली तडीपारीची. १९५१ च्या पोलीस कायद्यान्वये उपायुक्त दर्जाचा अधिकारी एखाद्यास जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी हद्दीबाहेर घालवू शकतो. त्यासाठी कायद्याने जी कारणे सांगितली आहेत त्यांत एक असे की, जीविताच्या वा मालमत्तेच्या भीतीने साक्षीदार उघडपणे साक्ष द्यावयास धजत नाहीत. मित्रहो, ही तरतूद म्हणजे शासनाने स्वतःच दिलेली कबुली आहे. साक्षीदाराला निर्भय करता येत नाही, म्हणून गुंडाला तात्पुरते शेजारच्या जिल्ह्यात पाठवायचे! मुलुंडचा गुंड मुलुंडमधून गेला, तरी तो कोठेतरी राहतोच. तेथील गोरगरिबांनी काय अपराध केला असतो?

दुसरी आडवाट चकमकीची. १९९१ साली अंधेरीच्या लोखंडवाला संकुलात भर वस्तीत तासन् तास गोळीबार झाला. त्यानंतर ‘एन्काउंटर’ हा शब्द मुंबईच्या बोलीत असा रुळला की त्याची शिसारीच कोणाला वाटेनाशी झाली. ‘न्यायालयात सुटलाच असता, बरे झाले मारला,’ असे सभ्य मध्यमवर्ग बोलू लागला. या वाक्याचा पूर्वार्ध नीट ऐकला पाहिजे. त्यात पोलिसांवरील विश्वासापेक्षा अभियोगावरील अविश्वास अधिक आहे. आणि हा रस्ता कोठे जातो ते वर्सोव्यात दिसले. ११ नोव्हेंबर २००६ रोजी तेथील नाना-नानी पार्कजवळ पोलिसांनी एका माणसाला ठार केले व चकमक झाल्याचे सांगितले. मृताच्या वकील भावाने उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. विशेष तपास झाला, खटला चालला, आणि २०१३ साली एकवीस जणांना जन्मठेप झाली. त्यांत तेरा पोलीस होते. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने काहींची शिक्षा रद्द केली, बहुतेकांची कायम ठेवली आणि सत्र न्यायालयात सुटलेल्या एका नामांकित पोलीस अधिकाऱ्यालाही दोषी धरले. चकमक बनावट होती, हे दोन्ही न्यायालयांनी मान्य केले. परंतु या खटल्याची किंमतही लक्षात ठेवली पाहिजे. २०११ साली, साक्ष अगदी तोंडावर आली असता, त्यातील महत्त्वाच्या साक्षीदाराचे अपहरण होऊन खून झाला. शासनाच्या बाजूने साक्ष देणाऱ्या माणसाला शासन वाचवू शकले नाही.

रमाबाई नगर आणि वर्सोवा या दोन खटल्यांत आरोपीच्या पिंजऱ्यात पोलीस होते. अशा वेळी सरकारी वकील पोलीस खात्याच्या हाताखाली असेल तर काय होईल, हे सांगावयास नको. हा प्रश्न कल्पनेतला नव्हे. महाराष्ट्रात दीर्घ काळ दंडाधिकारी न्यायालयांत खटले चालवीत ते पोलीस प्रॉसिक्यूटर. तपास करणारे आणि अभियोग चालविणारे एकाच खात्याचे नोकर. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५८ सालीच ही व्यवस्था मोडा, अभियोगाची यंत्रणा पोलिसांपासून वेगळी करा, असे सांगितले. १९७३ च्या दंडप्रक्रिया संहितेने ते तत्त्वतः मान्य केले. १ एप्रिल १९७४ ला संहिता अमलात आली. महाराष्ट्रात मात्र तेव्हा बदल झाला तो मुख्यतः पाटीवर: पोलीस प्रॉसिक्यूटर ‘सहायक सरकारी अभियोक्ता’ झाला, आणि त्याच्यावरचा अंमल पोलीस खात्याचाच राहिला. अखेर शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला १९९५ साली आदेश द्यावा लागला की या अभियोक्त्यांचा स्वतंत्र संवर्ग निर्माण करा व त्याचा प्रमुख थेट राज्य शासनाला जबाबदार ठेवा. कायद्याचा शब्द आणि त्याची अंमलबजावणी यांत एकवीस वर्षे गेली.

पोलिसांच्या हातून सुटलेला वकील मंत्र्याच्या हाती पडला तर मुक्काम बदलला, एवढेच म्हणावे लागेल. १९७३ च्या संहितेत सत्र न्यायालयातील सरकारी वकिलांची नामिका जिल्हा दंडाधिकाऱ्याने सत्र न्यायाधीशाच्या सल्ल्याने करावी असे होते, आणि उच्च न्यायालयातील सरकारी वकील त्या न्यायालयाच्या सल्ल्याने नेमावयाचा होता. १९८१ साली महाराष्ट्राने राज्यापुरती दुरुस्ती करून उच्च न्यायालयाचा सल्ला वगळला आणि सत्र न्यायाधीशाच्या सल्ल्याच्या जागी राज्य शासनाची मान्यता घातली. चार-दोन शब्दांचाच हा फेरफार. परंतु त्याने न्यायपीठाचे मत बाजूस सारले आणि सत्ताधाऱ्यांच्या मर्जीला वाट करून दिली. उत्तर प्रदेशात १९९० साली तर एका परिपत्रकाने सर्व जिल्ह्यांतील सरकारी वकिलांना एकदम काढण्यात आले; सर्वोच्च न्यायालयाने ती मनमानी ठरवून रद्द केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत न्यायालयाच्या सल्ल्याची मूळ तरतूद आहे, जिल्ह्यापर्यंत अभियोग संचालनालयाची रचना आहे, आणि गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार खटल्यांवर देखरेख कोणी ठेवावी याची वाटणीही आहे. हे स्वागतार्ह आहे. तथापि संचालनालय ठेवले आहे ते गृहखात्याच्याच प्रशासकीय नियंत्रणाखाली, म्हणजे जे खाते पोलिसांचे धनी, त्याच खात्याच्या छपराखाली. इंग्लंडने १९८५ च्या कायद्याने पोलिसांपासून वेगळी अभियोग सेवा उभारली आणि पुढच्या वर्षी ती कामाला लावली. आपण अद्याप एकाच घरात भिंत घालून दोन बिऱ्हाडे केली आहेत.

परंतु स्वातंत्र्य हे साधन आहे, साध्य नव्हे. स्वतंत्र झालेला वकील कोणासाठी काम करणार? याचे उत्तर शोधावयाचे तर न्यायालयाच्या व्हरांड्यात जावे लागेल. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, विक्रोळी, कुर्ला येथील दंडाधिकारी न्यायालयांत सकाळी अकरा वाजता भिंतीला टेकून जी माणसे उभी असतात, त्यांतले कोण आरोपी, कोण फिर्यादी, कोण साक्षीदार हे ओळखू येत नाही. कारण सगळे एकाच वस्तीतून, एकाच गाडीने आलेले असतात. साक्षीदार बहुधा रोजंदारीवरचा असतो: रिक्षावाला, भाजीवाली, बांधकामावरचा गवंडी, चार घरची धुणीभांडी करणारी बाई. तारीख पडली म्हणजे त्याचा एक दिवस बुडतो. साक्षीदाराला खर्च देण्याची तरतूद संहितेत आहे, पण रोजगार बुडाल्याची खरी भरपाई त्यातून क्वचितच होते. तारीख पडतच गेली म्हणजे दिवस बुडतच जातात. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर न्यायदानाच्या खर्चाचा एक मोठा हिस्सा शासन उचलत नाही, तो त्या भाजीवालीच्या टोपलीतून वसूल होतो. समाजातील सर्वांत दुबळ्या माणसावर बसविलेला हा छुपा कर आहे. आणि त्याच व्हरांड्यात तिच्याशेजारी आरोपीचे साथीदार उभे असतात. ते तिला ओळखतात, तिच्या मुलाची शाळा ओळखतात. दुसऱ्या की तिसऱ्या तारखेला ती ‘मला काही आठवत नाही’ असे म्हणते. न्यायालयीन भाषेत ती ‘फितूर’ होते. फितुरी हा शब्द किती अन्यायाचा आहे! किल्ला सोडून शासन आधीच निघून गेलेले असते. दिंडी दरवाजावर उभ्या असलेल्या एकट्या बाईला फितूर म्हणायचे.

साक्षीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने २०१७ साली कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये देशभरासाठी योजना लागू केली. आता नव्या संहितेनेही राज्यांवर तशी योजना करण्याचे बंधन घातले आहे. परंतु भीती कोणाला आहे हे शासनाला सांगणार कोण? बाई स्वतः अर्ज करीत मंत्रालयात जाणार नाही. तिला साक्षीपूर्वी भेटणारा, तिचे म्हणणे ऐकणारा, ‘तुमची साक्ष आज होईल, नाही झाली तर का नाही हे मी सांगेन’ असे म्हणणारा एकच अधिकारी असू शकतो, आणि तो म्हणजे त्या न्यायालयातील सरकारी वकील. त्याच्या हाताशी एकाच दिवशी पंचवीस-तीस फायली असतील, आणि साक्षीदाराचे नाव त्याला पुकारा झाल्यावरच कळणार असेल, तर हे घडणार नाही.

ते घडू शकते, हेही उपनगरांनीच पाहिले आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये साकीनाक्याला एका महिलेवर अमानुष अत्याचार होऊन ती मरण पावली. तपास झपाट्याने झाला, अठरा दिवसांत आरोपपत्र दाखल झाले, विशेष सरकारी वकील नेमले गेले, आणि दिंडोशीच्या सत्र न्यायालयाने मे २०२२ अखेर आरोपीला दोषी ठरविले. नऊ महिन्यांत निकाल लागला. शिक्षा फाशीची झाली. फाशी असावी की नसावी हा वेगळा वाद आहे, आणि बेकारियाने तिला विरोधच केला होता. येथे मुद्दा कालावधीचा आहे. याउलट अंबोलीचे प्रकरण. ऑक्टोबर २०११ मध्ये मैत्रिणींच्या छेडछाडीला विरोध करणाऱ्या दोन तरुणांना अंधेरीच्या भर रस्त्यात भोसकले गेले. बघे पुष्कळ होते, मदतीला कोणी आले नाही. साऱ्या देशात गाजलेल्या त्या खटल्यात उज्ज्वल निकम यांच्यासारखा निष्णात विशेष वकील असूनही चौघांना जन्मठेप होण्यास मे २०१६ उजाडले. त्या साडेचार वर्षांत मित्र-मैत्रिणी साक्षीवर ठाम राहिल्या, म्हणून तो निकाल लागला.

यातून एक विषमता डोळ्यांत भरते. वृत्तपत्रांत गाजलेल्या खुनाला विशेष वकील मिळतो; न गाजलेल्या खुनाला पुढची तारीख. घाटकोपरच्या डोंगरउतारावरील झोपडीत हप्ता नाकारला म्हणून मारला गेलेला फेरीवाला, मालाडच्या चाळीत जाळली गेलेली सून, यांच्यासाठी मोर्चा निघत नाही, म्हणून त्यांच्यासाठी ‘विशेष’ काही होत नाही. नऊ महिन्यांत निकाल लागणे ही जर शासनाची क्षमता असेल, तर ती काही मोजक्या प्रकरणांपुरती राखून ठेवणे हा न्यायातला वर्गभेद होय. समाजवाद्यांनी विशेष वकिलांची मागणी करण्यापेक्षा साधा सरकारी वकील असा सक्षम करण्याची मागणी केली पाहिजे की ‘विशेष’ हा शब्दच अनावश्यक ठरेल.

येथे एक धोका स्पष्ट केला पाहिजे. सक्षम सरकारी वकील म्हणजे शिक्षांचे आकडे वाढविणारा वकील नव्हे. आरोपीला कसेही करून दोषी ठरविण्याची तहान सरकारी वकिलाला असता कामा नये, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली एका निकालात घेतली आहे. तो न्यायालयाचा अधिकारी आहे, सूड घेणाऱ्याचा मुखत्यार नव्हे. देशातील तुरुंगांत जे कैदी आहेत त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा दोष सिद्ध झालेला नाही. ते कोणत्या जातींचे, कोणत्या धर्मांचे, कोणत्या वस्त्यांचे हे पाहण्यास फार संशोधन लागत नाही. पुरावा नसलेला खटला पुढे न रेटणे, किरकोळ आरोपातल्या पोराच्या जामिनाला यांत्रिकपणे विरोध न करणे, हेदेखील हिंसा कमी करण्याचेच काम आहे. कारण चोरीच्या संशयावरून दोन वर्षे आत राहिलेला मुलगा बाहेर येतो तो टोळीची ओळख घेऊनच.

उलट, सरकारी वकील कर्तव्याला चुकला तर काय होते, याचा धडा बडोद्याच्या बेस्ट बेकरी खटल्याने दिला. २००२ च्या हत्याकांडातील सर्व एकवीस आरोपी २००३ साली सुटले. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली तेथील अभियोगावर अत्यंत कठोर ताशेरे ओढले, आणि फेरखटला गुजरातबाहेर, महाराष्ट्रात चालविण्याचा आदेश दिला. मुंबईत माझगावच्या न्यायालयात हजर असलेल्या सतरा आरोपींपैकी नऊ जण २००६ साली दोषी ठरले. २०१२ साली उच्च न्यायालयाने त्यांतील चौघांची शिक्षा कायम केली. पहिला निकाल आणि अखेरचा निकाल यांत जे अंतर पडले, ते मुख्यतः खटला कसा चालविला गेला याचे अंतर आहे. आणि शेवटी पाच जण सुटले, हेही त्याच निष्पक्षतेचे फळ.

मग उपनगरांतील स्थानिक सरकारी वकिलाकडून काय अपेक्षावे? अमेरिकेतील बोस्टन शहराने १९९६ साली एक प्रयोग केला. सरकारी वकील, पोलीस, परिवीक्षा अधिकारी, रस्त्यावर काम करणारे समाजसेवक आणि कृष्णवर्णीय धर्मोपदेशक एकत्र बसले. हिंसा कोणत्या थोड्या टोळ्यांभोवती घोटाळते हे त्यांनी शोधले, त्या टोळ्यांतील मुलांना समोर बसवून सांगितले की गोळीबार झाला तर सर्व यंत्रणा तुमच्या मागे लागेल, आणि शस्त्र ठेवाल तर शिक्षणाला, नोकरीला मदत मिळेल. हार्वर्डच्या संशोधकांना चोवीस वर्षे व त्याखालील तरुणांच्या खुनांत सुमारे त्रेसष्ट टक्के घट आढळली. ती सर्वच या प्रयोगामुळे झाली काय, यावर वाद आहेत. शिवाय अमेरिकेतील सरकारी वकील बहुधा निवडून येतो आणि मते मिळविण्यासाठी तुरुंग भरतो. ते अनुकरणीय नाही. घ्यावयाचे ते एवढेच: सरकारी वकिलाने आपल्या हद्दीतील हिंसेकडे सुट्या सुट्या फायली म्हणून न पाहता एक सामाजिक प्रश्न म्हणून पाहावे.

आपल्या चौकटीत हे कसे बसेल? तपासावर सरकारी वकिलाने हुकूम चालवू नये, ही मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने घातली आहे आणि ती योग्य आहे. परंतु आरोपपत्र आल्यापासून निकालापर्यंत खटला एकाच वकिलाच्या हाती राहावा, यास कायद्याची आडकाठी नाही. कालिन्याच्या प्रयोगशाळेकडून अहवाल आला की नाही, पंच हजर आहेत की नाही, याचा पाठपुरावा त्याने करावा. साक्षीदाराचा भत्ता त्या दिवसाच्या किमान वेतनाइतका असावा व तो त्याच दिवशी, त्याच न्यायालयात हाती पडावा. साक्षीदाराला आरोपीच्या साथीदारांपासून वेगळे बसण्यास एक खोली असावी. दिंडोशीला सत्र न्यायालय झाल्यापासून बोरिवलीच्या साक्षीदाराचा फोर्टपर्यंतचा हेलपाटा वाचला. त्याला तेथे बसावयास सुरक्षित बाक मिळणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. आणि अखेरची गोष्ट म्हणजे हिशेब. गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई या प्रकरणात जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रत्येक निर्दोष सुटकेची तपासणी करून चूक कोठे झाली ते नोंदवा, आणि त्यासाठी पोलीस व अभियोग यांच्या वरिष्ठांची स्थायी समिती नेमा. या समित्यांचे निष्कर्ष, नावे वगळून, ठाण्यानिहाय दर वर्षी प्रसिद्ध व्हावेत. महापालिकेच्या प्रभागात किती मीटर गटार बांधले याचा अहवाल नागरिकाला मागता येतो. त्याच प्रभागातील किती खुनांचे खटले का बुडाले, हेही त्याला कळले पाहिजे.

काही मित्र म्हणतील, गुन्हेगारीचे मूळ विषमतेत आहे. वकिलांची डागडुजी कशाला? लालबहादूर शास्त्री मार्गावरील कारखाने बंद पडले, त्यांच्या जमिनींवर मनोरे आणि बाजारसंकुले उभी राहिली, कामगाराचा मुलगा बेकार झाला आणि त्याच जमिनीच्या व्यवहारात दादाला भाव आला, हे सारे खरेच आहे. रोजगार, घर आणि शाळा यांना सरकारी वकील हा पर्याय होऊ शकत नाही. परंतु विषमतेने निर्माण झालेली हिंसा कोसळते ती प्रथम गरिबांवरच. श्रीमंताच्या दारी पहारेकरी असतो, मंत्र्याला पोलिसांचे कडे असते. झोपडीतल्या माणसाला दादापासून वाचविणारे कायद्याखेरीज दुसरे काहीच नसते, आणि तो कायदा न्यायालयात बोलतो तो सरकारी वकिलाच्या तोंडून. तो बोलला नाही, तर माणसे दादाकडेच न्याय मागायला जातात; दादाचा दरबार असाच भरतो. व्यवस्था बदलेपर्यंत माणसांनी मार खात राहावे, असे सांगण्याचा अधिकार कोणत्याही क्रांतीला नाही.

डॉ. सामंत ज्यांच्यासाठी लढले, रमाबाई नगरात जे मारले गेले, अंबोलीत ज्यांनी मैत्रिणींची पाठराखण केली, ती सारी साधी माणसे होती. त्यांच्या बाजूने न्यायालयात उभा राहणारा माणूस पोलिसांचा नोकर असू नये, मंत्र्याचा कृपापात्र असू नये आणि आकड्यांच्या मागे लागलेला शिकारीही असू नये. तो व्हरांड्यात भिंतीला टेकून उभ्या असलेल्या त्या भाजीवालीचा वकील असावा. तिची साक्ष वेळेवर, निर्भयपणे आणि एकाच फेरीत झाली, म्हणजे दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आपल्या टोपलीपाशी बसेल, आणि हप्ता मागायला येणाऱ्याला ते आधी कळलेले असेल.